तारेच्या दोन कड्या

१

क्लेम रोवेट रविवारी सकाळी आठ वाजता मेला, आणि त्याला कोणी मारलं हे पोर्ट कॅरल गावाने साडेआठपर्यंत ठरवूनही टाकलं.

त्या दिवशी जुन्या गाड्यांचं वार्षिक प्रदर्शन होतं. क्लेमने आपली चौसष्ट सालची पांढरी-हिरवी वॅगन शेडमध्ये सुरू केली आणि बॉनेटखालून भडका उडाला. शेड पत्र्याची. आत रंगाचे डबे, थिनर, तेलकट चिंध्या. दार एकच, तेही नेमकं गाडीच्या नाकापुढे. गावाचा बंब प्रदर्शनाच्या मैदानावर शोभेला उभा होता आणि त्याच्यावर चढून पोरं फोटो काढून घेत होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हे असं. पोरांना उतरवून बंब येईपर्यंत विझवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच गाडीची पेट्रोलगळती सॅव्ह दे गॅस्पेरोने दुरुस्त केली होती. गावात गॅरेज त्याचं एकच. मग आणखी काय हवं? हातच्या काकणाला आरसा कशाला! सरकारी अहवाल यायला चार महिने लागणार होते, पण गावाला चार घटका पुरल्या. सोमवारी सॅव्हच्या गॅरेजमधून लोक आपापल्या गाड्या परत घेऊन गेले. काहींनी तर अर्धवट खोललेल्या गाड्या दोराने ओढत नेल्या.

क्लेमला पुरून नऊ दिवस झाले, तेव्हा त्याची बायको डल्सी धक्क्यावर आली. हेडली ट्रेम्बाथ तिथे खेकडे धरायचं दाताळं धूत बसला होता. हेडली एकतीस वर्षं अॅडलेडला विमा कंपन्यांसाठी जळकी घरं आणि जळक्या गाड्या तपासायचा. आग कुठे लागली, कशाने लागली, हे राखेत बघून सांगायचा. आता निवृत्त होऊन खेकड्यांच्या मागे लागला होता.

"हेडली," डल्सी म्हणाली, "आयुष्यभर परक्यांच्या आगी पाहिल्यास. आता माझी बघ."

"अगं डल्सी, पोलीस आहेत ना."

"पोलीस कागद देतील. मला माझा माणूस कसा गेला ते हवंय. काय निघेल ते मला सांगशील?"

"सांगेन."

"लपवाछपवी न करता?"

"सांगेन म्हटलं ना!"

ती त्याच्याशेजारी दगडावर बसली. हेडलीने विचारलं, "तू शेवटचं कधी पाहिलंस त्याला?"

"साडेसातला. हाक मारून मला शेडमध्ये नेलं, बॉनेट उघडलं आणि म्हणाला, बघ. अठ्ठेचाळीस वर्षांत मला कधी बॉनेटखाली बघायला बोलावलं नव्हतं रे त्याने. मला काय कळतंय त्यातलं? छान दिसतंय म्हटलं. आदल्या दिवशी आमच्या लग्नाचा वाढदिवस होता, माझी भेट आवडली होती त्याला, म्हणून स्वारी खुशीत. ग्रीसचा हात माझ्या गालाला पुसून गेला मेला..."

जिभेवरचा लाडका शब्द निघून गेला आणि मग तिच्या लक्षात आलं. हेडली दाताळं धूत राहिला. धुण्यासारखं त्यावर काही उरलं नव्हतं.

२

शेडचे पत्रे वाकून पडले होते. वॅगनचा नुसता सांगाडा राहिला होता. हेडली गुडघ्यावर बसला आणि त्याने ब्रशने राख बाजूला सारायला सुरुवात केली.

इंजिनाचा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो आणि कार्बोरेटरकडे ढकलतो. या दोघांच्या मध्ये वीतभर रबरी नळी असते. ती नळी जळून गेली होती, ते साहजिकच होतं. पण नळीची दोन्ही टोकं ज्या धातूच्या तोट्यांवर बसवतात, त्या तोट्या शाबूत होत्या. आणि प्रत्येक तोटीवर एकेक बारीक, काळी पडलेली तारेची कडी अडकली होती. केसाच्या पिनेसारखी तार वळवून केलेली कडी. हेडलीने अशी कडी शेवटची पाहिली ती त्याच्या बापाच्या गाडीवर.

त्याने फोटो काढले आणि तो तडक गॅरेजकडे गेला.

सॅव्हचं शटर अर्धं खाली होतं. आत एकही गाडी नव्हती. पंचावन्न वर्षांचा हा माणूस उलट्या बादलीवर हात लोंबकळत सोडून बसला होता.

"या मिस्टर ट्रेम्बाथ. गाडी आणली असेल तर परत न्या. मी सध्या पान्याला हात लावत नाही."

"सॅव्ह, नळी कशाने आवळलीस?"

"स्क्रूच्या पट्ट्यांनी. दोन पट्ट्या. नळी नवी, आजचं पेट्रोल सोसणारी. जुनं रबर आजच्या पेट्रोलने कुजतं. मिस्टर रोवेट मला म्हणालेसुद्धा, पोरा, जरा जास्तच आवळलीस."

"गाडीवर तारेच्या कड्या आहेत."

सॅव्ह त्याच्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी विसरलो? पट्ट्यांऐवजी कड्याच बसवल्या?"

"मी तसं म्हटलं नाही."

"नाही, झालं असेल. आता मला काही खात्री राहिली नाही हो. डोळे मिटले की मी ती पट्टी आवळतो. कधी आवळली जाते, कधी हातात फिरतच राहते." त्याने तोंडावरून हात फिरवला. "सात वर्षांचा होतो, इटलीहून नुकते आलेलो. शाळेच्या बसमध्ये पोरं माझ्या डब्याला नाक मुरडायची. मिस्टर रोवेट बस चालवायचे. त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं आणि रोज एका पार्टचं नाव शिकवलं. इंग्रजीत मी आधी 'कार्बोरेटर' म्हणायला शिकलो आणि मग 'थँक यू'. त्या माणसाला मी जाळलं म्हणतात. आणि मी नाही म्हणू शकत नाही, कारण मलाच माहीत नाही."

हेडलीने आयुष्यात पुष्कळ खोटारडे पाहिले होते. ते सगळे ठामपणे नाही म्हणायचे. हा माणूस खरं बोलत होता आणि स्वतःवरच त्याचा विश्वास उरला नव्हता. हेडलीला त्याची फार दया आली.

पट्ट्या काढून कड्या कोणीतरी बसवल्या होत्या. आणि तेही सॅव्हच्या कामानंतर.

३

जुन्या गाड्यांच्या क्लबचा परीक्षक मर्व्ह पेन्हॉल. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी असली पाहिजे, हा त्याचा धर्म. शंभरातले गुण द्यायचा, आणि एखादा स्क्रू दोन वर्षं नंतरचा दिसला तर सख्ख्या भावाचाही गुण कापायचा. प्रदर्शनात या लोकांच्या शर्यती अशाच. वेगाची बात नाही, सगळी लढाई नटबोल्टांची.

"मर्व्ह, प्रदर्शनाच्या आधी क्लेमची गाडी पाहिली होतीस?"

"मंगळवारी. सगळ्यांच्याच पाहतो." मर्व्ह कुंपणाला रंग देत होता, तो देतच राहिला. "अठ्ठ्याण्णव गुणांची गाडी रे! म्हटलं, क्लेम, ती आधुनिक नळी आणि त्या चकचकीत पट्ट्या, दोन गुण जातील. तर हसला. म्हणाला, घाल तुझे दोन गुण चुलीत, मला माझ्या भुवया न जळलेल्या हव्यात."

"म्हणजे तो बदलणार नव्हता."

"मुळीच नाही. हट्टी माणूस."

"मग बदलल्या कोणी?"

"मला काय ठाऊक? सॅव्हनेच केलं असेल काहीतरी. नीट पट्टी आवळायची सोडून तार गुंडाळली, दुसरं काय! त्या असल्या कड्यांना कुठे पकड असते?"

हेडली थबकला. कड्यांबद्दल तो सॅव्हखेरीज कोणाशीही बोलला नव्हता, आणि सॅव्ह नऊ दिवसांत गॅरेजबाहेर पडला नव्हता. शेडला पोलिसांची पट्टी बांधलेली. डल्सीने खास परवानगी काढून दिली म्हणून त्याला तरी आत जाता आलं.

"मर्व्ह, गाडीवर कड्या होत्या हे तुला कोणी सांगितलं?"

मर्व्हचा ब्रश थांबला. पांढरा रंग त्याच्या बुटावर ठिबकला.

"घरी जा हेडली," तो म्हणाला. "देवाशपथ सांगतो, हे खणू नकोस. कोणाचं भलं होणार नाही." आणि तो घरात गेला. दार आतून लावल्याचा आवाज आला.

४

क्लेमचा मुलगा लायल सध्या बापाचा रोजचा ट्रक चालवत होता. लहानसा, मागे उघडा हौदा असलेला. हेडलीने त्याला मैदानापर्यंत सोडायला सांगितलं. माणसं गाडी चालवताना समोर बघून बोलतात, म्हणून खरं बोलतात, असा त्याचा अनुभव होता.

"तुझं आणि वडलांचं वाजलं होतं म्हणे."

"कोण म्हणतं? सगळं गावच म्हणत असणार!" लायलने गियर खाडकन टाकला. "हो, वाजलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, ना एअरबॅग, ना धड ब्रेक. म्हटलं, बाबा, ती गाडी विका आता. तर महिनाभर बोलले नाहीत. पण मी त्यांना मारीन का हो? मला ते जिवंत हवे होते म्हणून भांडलो. मारलं त्या सॅव्हने. गुरुवारी क्लबच्या सभेत ठराव आणतोय मी. कोणीही त्याच्याकडे गाडी द्यायची नाही. गावातून उठला पाहिजे तो."

"शेडची चावी तुझ्याकडे असते?"

"असते. मग?"

रस्त्यातल्या खड्ड्यात ट्रक आदळला आणि हेडलीच्या सीटखालून काहीतरी घरंगळत पायाशी आलं. स्वच्छ फडक्यात बांधलेलं एक लांबट पुडकं. त्याने ते उचलून उघडलं.

आत वीतभर काळी रबरी नळी होती. नवी कोरी, कुठे चीर नाही की डाग नाही. तिच्यासोबत दोन चकचकीत पट्ट्या, स्क्रूवाल्या.

"गाडी थांबव, लायल."

लायलने बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "हे माझं नाही. हेडली, आईशपथ, हे मी पहिल्यांदा बघतोय!"

पुडक्याच्या गाठीला एक चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली होती. क्लेम तीस वर्षं बस चालवायचा. बसमधल्या प्रत्येक बिघाडाला चिठ्ठी बांधायची सवय त्याला तिथे लागली, आणि पुढे तो घरातल्या बरण्यांनाही बांधू लागला. अक्षर त्याचंच होतं.

*घरी येताना बसवणे. क्ले.*

लायलने चिठ्ठी हातात घेतली, आणि इतका वेळ तावातावाने बोलणारा तो धिप्पाड माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. हेडलीने त्याला रडू दिलं.

रडणं ओसरल्यावर हेडलीने विचारलं, "त्या दिवशी हा ट्रक कोण नेणार होतं?"

"आई. खुर्च्या आणि जेवण घेऊन, बाबांच्या मागोमाग." लायलने नाक पुसलं. "पण म्हणजे काय हे? बाबांनी स्वतःच काढली? कशाला?"

दोन गुण चुलीत घाल म्हणणारा माणूस चार दिवसांत का बदलला? हेडलीला उत्तर अंधुक दिसू लागलं होतं, आणि ते खोटं ठरावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

५

डल्सीने ओव्हनमधून पेस्टी काढली. मटण-बटाट्याची, कडेला जाड मुरड घातलेली. "खा. तुझी बायको गेल्यापासून तुला कोण करून घालतंय?"

हेडलीने एक घास घेतला. "डल्सी, लग्नाच्या वाढदिवसाला तू क्लेमला काय दिलंस?"

तिचा चेहरा उजळला. किती दिवसांनी उजळला असेल! "अरे, ती एक गंमतच आहे. दोन वर्षं शोधत होते. दर वर्षी त्या मेल्या दोन-तीन गुणांनी पहिला नंबर जायचा त्याचा. मर्व्हला गुपचूप विचारलं, याच्या गाडीत कमी काय आहे? त्याने यादी दिली. मग मी पत्रं लिहिली, कुठे कुठे फोन केले. शेवटी तिकडे उत्तरेत एक बंद पडलेलं गॅरेज होतं, त्यांच्याकडे मिळाली. त्या सालची खरी नळी आणि खऱ्या तारेच्या कड्या. साठ वर्षांत पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं! क्लेम तर बघतच राहिला. डोळ्यात पाणी आलं त्याच्या."

"आणि तू बसव म्हणालीस."

"म्हणजे काय! म्हटलं, उद्याच लाव, सकाळी मला बघायचीय गाडीत."

हेडलीने चहाचा कप खाली ठेवला. "छान भेट," तो म्हणाला. "बराय, येतो मी. ते खेकड्यांचं... भरतीची वेळ झाली."

मर्व्हला विचारायची गरजच उरली नव्हती, तरी तो गेला. मर्व्हने दार उघडलं आणि न विचारताच म्हणाला, "यादी मीच दिली होती. मला वाटलं, शोकेसमध्ये ठेवायला मागतेय. तो ती नळी बसवून इंजिन सुरू करील असं स्वप्नातही आलं नाही रे, आग लागली तेव्हा ओळखलं. आता काय करू? तिला सांगू?"

"आणि सॅव्हचं काय? चोर सोडून संन्याशाला फाशी?"

"इथे चोर आहे कुठे?" मर्व्ह म्हणाला.

गॅरेजमध्ये त्याने सॅव्हपुढे ती कोरी नळी ठेवली आणि सगळं उलगडून सांगितलं. पाकिटात साठ वर्षं पडलेलं रबर दिसायला नवं असतं, पण आतून वाळलेलं. वाकवलं की बारीक चिरतं. क्लेमला हे कळत होतं. कळत होतं म्हणून तर तुझी नळी त्याने जपून ठेवली. बायकोचं मन मोडायचं नाही, मैदानापर्यंत तीन किलोमीटर जायचं, प्रदर्शनभर मिरवायचं आणि परत येताना तुझी नळी बसवायची. एवढाच त्याचा बेत. पण पंपाने जोर धरला, नळी चिरली आणि पेट्रोलची चिळकांडी ठिणगी देणाऱ्या वायरींवर उडाली.

सॅव्हने पट्टी उचलली, स्क्रू अंगठ्याने चाचपला.

"म्हणजे मी आवळली होती," तो अखेर म्हणाला.

"चांगली आवळली होतीस."

"बस्स. मला एवढं पुरे." त्याने डोळे पुसले. "मिस्टर ट्रेम्बाथ, त्यांना सांगू नका. मला कळलं, तुम्हाला कळलं. गावाला काय बोलायचं ते बोलू दे. मी पोर्ट पिरीला माझ्या भावाकडे जाईन. त्या बाईने दोन वर्षं शोधून... नाही, नका सांगू."

"मी तिला वचन दिलंय."

"मग मोडा," सॅव्ह म्हणाला.

६

गुरुवारी संध्याकाळी सहाला क्लबची सभा भरली. हॉल गच्च. लायल आला नाही. पण ठराव आधीच सूचनापत्रात छापला गेला होता, आणि छापलेलं मागे घ्यायची हिंमत क्लबमध्ये कोणाच्यात नव्हती. सॅव्ह मागच्या भिंतीशी उभा होता. डल्सी पहिल्या रांगेत, काळ्या स्वेटरमध्ये.

अध्यक्षांनी ठराव वाचला आणि विचारलं, "हेडली, तू शेड पाहिलीस. काही सांगायचंय?"

हेडली उठला. एकतीस वर्षं त्याने कोर्टांत साक्षी दिल्या होत्या, पण त्या परक्यांच्या आगींच्या. "सॅव्हच्या कामात दोष नव्हता," तो म्हणाला.

"मग कोणाच्या कामात होता?" मागून कोणीतरी ओरडलं.

हेडलीने पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"अरे बोल ना! दोष नव्हता तर गाडी काय आपोआप पेटली?"

"ते... ते मी सांगू शकत नाही."

हॉलमध्ये हशा पिकला, मग कुजबुज. सॅव्हने मान खाली घातली. तेवढ्यात पहिल्या रांगेतली खुर्ची सरकली आणि डल्सी उभी राहिली.

"मी सांगते," ती म्हणाली. "हा हेडली परवा माझ्याकडे आला. क्लेमला काय भेट दिलीस म्हणून विचारलं. मी सांगितलं, तर पेस्टी अर्धी टाकून पळाला. चाळीस वर्षांत या माणसाने माझ्या घरी ताटलीत कण ठेवलेला नाही. आणि म्हणे भरतीची वेळ झाली. खिडकीतून मला समुद्र दिसत होता, पार ओहोटी लागलेली." तिने श्वास घेतला. "मग मी लायलला धरलं. त्याने चिठ्ठी दाखवली. बाकी मला समजलं. मी बावळट असेन, पण मठ्ठ नाही."

"डल्सी, खाली बस गं," मर्व्ह कळवळून म्हणाला. "यादी मी दिली होती. माझ्यामुळे..."

"तू गप रे मर्व्ह. नळी मी आणली. बसव म्हणून हट्ट मी धरला. धोका आहे हे क्लेमला ठाऊक होतं, पण मला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत एकदा जरी म्हणाला असता..." तिने स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. "सॅव्हने माझ्या नवऱ्याला वाचवायचीच नळी लावली होती. ती आम्ही दोघांनी काढली. ज्याला अजून ठराव करायचाय त्याने माझ्या नावाने करावा."

अध्यक्षांनी कागद उलटा करून ठेवला.

डल्सी खुर्च्यांच्या मधून चालत मागच्या भिंतीशी गेली. लोकांनी पाय आखडून वाट दिली. सॅव्ह रडत होता.

"मिसेस रोवेट, मी यांना सांगितलं होतं, तुम्हाला कळू देऊ नका म्हणून."

"कळलं मला. फार शहाणा आहेस." तिने त्याच्या बाहीला धरलं. "तुझी गाडी बाहेर आहे?"

"आहे."

"मला घरी सोड. त्या दिवसापासून मी कुठल्याही गाडीत बसलेले नाही. इथेही चालत आले."

हेडली त्यांच्यामागून बाहेर गेला. सॅव्हने तिला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला आणि आपण दुसऱ्या बाजूने आत बसला. खिडकी उघडी होती. हॉलच्या दारात सगळं गाव येऊन उभं राहिलं होतं आणि कोणाला पुढे यायचा धीर होत नव्हता. गाडी सुरू होईना.

"मिसेस रोवेट," आतून सॅव्हचा आवाज आला, "मला चावी फिरवायची भीती वाटते."

"मलाही वाटते," डल्सी म्हणाली. "फिरव."